रंगुबाईच्या हातची पट्टी

अंथुर्ण्यात बुद्धविहारामागच्या गल्लीत रंगुबाईचं शिलाईमशीन होतं. परकर, झबली, शाळेचे गणवेश ती शिवायची. नवरा साहेबराव बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. एकुलती पायल अकरावीत, कबड्डीच्या संघात. सत्त्याण्णव साली चढाई करताना पायलचा उजवा गुडघा पिळवटला आणि आतलं लिगामेंट तुटलं. पुण्यात ऑपरेशन झालं.

चार महिन्यांनी व्यायाम वाढला, तशी बारामतीच्या फिजिओथेरपिस्ट करुणाताई गुडघ्याला ताणली जाणारी चिकटपट्टी लावू लागल्या. दर व्यायामाला नवी पट्टी. एसटीनं रोजची ये-जा जमेना, म्हणून त्यांनी रंगुबाईलाच ती लावायला शिकवली.

घरी पहिल्याच दिवशी रंगुबाईनं पट्टी जीव खाऊन ओढली. अर्ध्या तासात पायलच्या पायाला मुंग्या आल्या, बोटं गार पडली. रंगुबाईनं घाबरून पट्टी ओरबाडली, तर कातडीही सोलवटली.

"ऱ्हाऊ दे, आपल्याला न्हाय जमायचं," साहेबराव म्हणाला.

रंगुबाईनं उरलेली पट्टी पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी एकटीच बारामतीला गेली. करुणाताईंनी तिला बसवलं आणि तिच्याच गुडघ्याला पट्टी लावली.

"वाकवा आता. कसं वाटतं?"

"कुणी हात ठिवल्यागत."

"तेवढंच हवं, मावशी. गुडघा सांभाळायचा तो मांडीच्या ताकदीनं. पट्टीमुळं पायलचं पायाकडं लक्ष राहतं, इतकंच. आणि दोन्ही टोकं न ताणता चिकटवायची."

रंगुबाई हसली. "म्हंजी फ्रॉकच्या बाहीला इलॅस्टिक लावताव तसंच की. टोकाला वढलं की चुण्या पडत्यात." मग पट्टीचं टोक चाचपून म्हणाली, "कोपरे गोल कापू का? टोकदार कोपरा कापडाला घासून आधी उचकटतो."

करुणाताईंनी कात्री तिच्या हातात दिली. पुढं त्या सगळ्यांच्याच पट्ट्या तशा कापायला लागल्या.

त्यानंतर पायलचा पाय कधी गार पडला नाही. पट्टी काढताना रंगुबाई खोबरेल तेल लावून ती हळूहळू सोडवायची. शेजारचे हिंदुरावआबा एकदा धोतर वर करून दारात उभे राहिले. "माझ्या बी गुडघ्याला चिकटव."

"आबा, तपासल्याबिगर न्हाय लावायची. मंगळवारी चला माझ्यासंगं बारामतीला."

आबा गेले. तिथं त्यांना पट्टी मिळालीच नाही, नुसता व्यायाम मिळाला. दोन दिवस ते रुसून होते. तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून पाय उचलायला लागले.

वर्ष उलटलं. करुणाताईंनी परवानगी दिली आणि पायल इंदापूरच्या सामन्यात उतरली. मैदानाकडेला सतरंजीवर रंगुबाईनं तिला पट्टी लावली. पायल फक्त उत्तरार्धात खेळली, दोन गुण मिळवले. संघ हरला, तरी पोरगी हसत भेळ खात बसली.

"आई, खेळताना पट्टी हाय हेच इसरले मी."

"बरं झालं," रंगुबाई म्हणाली.

तेवढ्यात दुसऱ्या संघाचे शिक्षक जवळ आले. "ही पट्टी कोणत्या डॉक्टरांनी लावली?"

"मीच लावली," रंगुबाई म्हणाली. "शिवणकाम करती मी." आणि सतरंजी झटकून घडी घालायला लागली.