टेकलेले चवडे

ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. देवापुढेही मी ती कधी पुटपुटले नाही — त्याला म्हणे सगळं कळतं, मग वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे सगळे मला चांगली म्हणतात. त्याचाच आता वीट आलाय.

मला उंचीची भीती वाटते. सक्करदऱ्याला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इतक्या वर्षांत गॅलरीच्या कठड्याला मी हात लावलेला नाही. कपडेसुद्धा भिंतीला पाठ लावून वाळत घालते. स्टुलावर चढून डबा काढायला गेले की नवरा आतून ओरडतो, "थांब वं, अँब्युलन्स बोलावतो!" मग मीही हसते. न हसून काय करणार?

मंजू मात्र हसायची नाही. मंजू म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. शाळेत खेळाची शिक्षिका होती. घरातला फ्रीज कोणता घ्यायचा इथपासून माझ्या मुलानं काय शिकायचं इथपर्यंत सगळं तिनं ठरवायचं, आणि वैताग असा की तिचं ठरवलेलं बरोबर निघायचं. माझा तिच्यावर जीव होता. रागही होता. दोन्ही एकाच ताटात.

रविवारी ती काही मंडळींबरोबर कुहीच्या रस्त्यावर एका ओळखीच्या शेतात जायची — दोरीनं झाडावर चढायला. चांगली शिकलीसवरलेली माणसं, कमरेला पट्टे, डोक्याला हेल्मेट, आणि वर फांदीवर बसून संत्री सोलायची. हौसेला मोल नाही! तिनं मलाही ओढलं. "भीती घरात बसून जात नाही जी वहिनी," म्हणाली. मी गेले. तिचा शब्द मोडवत नव्हता म्हणून गेले. आणि — हेही सांगून टाकते — एकदा तिला दाखवावं म्हणूनही.

त्या लोकांचा एक नेम होता. फांदीवरून दोरी टाकली की लगेच कुणी चढायचं नाही. आधी दोघांनी मिळून दोरीची दोन्ही टोकं एकत्र धरायची, गुडघे मोडायचे, पाय जमिनीवरून उचलायचे आणि लोंबकळायचं. बाकीचे मोठ्यानं अंक म्हणायचे. चढताना माणसाचे झटके बसतात, त्यामुळे फांदीवर एकाच्या वजनापेक्षा जास्त भार येतो. म्हणून आधी दोघांचं वजन. दोघांना फांदीनं पेललं, तर मग एकानं चढायचं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा चढणार होते. मंजू म्हणाली, मी आधी वर जाऊन बसते, तुम्ही खाली पाहू नका, माझ्या तोंडाकडे पाहत या. जुना गावरान आंबा होता. फांदी तिनं निवडली. दोरी धरायला उभे राहिलो — ती आणि मी. "हं, उचला पाय," म्हणाली. तिनं उचलले.

मी उचलले नाहीत.

किती उंच जायचं होतं? चार बोटं. जमिनीपासून फक्त चार बोटं! पण गुडघे मोडले तरी चवडे सुटेनात. वाळलेला पाला घोट्यापर्यंत होता, त्यात ते दिसत नव्हते. आणि अशा वेळी सगळे फांदीकडेच पाहतात, खाली कोण पाहतं? मी दात आवळले, तोंडावर ताण आणला. नाटक छान वठलं. अंक संपले. फांदी हलली नाही. का हलेल? तिनं एकट्या मंजूचंच वजन पेललं होतं.

"झालं?" मंजूनं मला विचारलं.

मी म्हटलं, "झालं."

ती चढली. फांदीपाशी पोचली, पाय वर टाकायला अंगाला झटका दिला, आणि फांदी बुडातून मोडली. आतून पोकळ होती. मंजू माझ्यासमोर पडली. हेल्मेटनं डोकं वाचलं. टाच आणि कमरेचं हाड गेलं.

दवाखान्यात नवरा तिच्यावर खेकसला, "काहून गेली होती वं माकडासारखी? फांदी कोणी पाहिली होती?" ती औषधाच्या गुंगीत होती. उत्तर मी दिलं. "तिनंच," मी म्हटलं, "मी तर नकोच म्हणत होते." पहिलं खरं होतं. दुसरं मी तिथंच, उभ्या उभ्या रचलं.

शुद्धीवर आल्यावर तीही तेच म्हणाली. "दोघींचं वजन पेललं होतं नं जी? मग मलेच झाड समजलं नाही." मी तिच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. करून सवरून नामानिराळी म्हणतात, ती ही अशी दिसते.

पुढे मी तिचं सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, जिन्यावरून धरून उतरवलं. शेजारणी म्हणाल्या, अशी भावजय मिळायले नशीब लागते. मी ते ऐकून घेतलं. गोड लागायचं, काय सांगू!

मंजू आता लंगडत चालते. शाळेनं तिला ऑफिसात बसवलं. पण पायाचं एक वेळ सोडा. तिचा स्वतःवरचा भरवसा गेला. साडी कोणती नेसू, रिक्षानं जाऊ की बसनं, दूध आणायला उशीर तर नाही झाला — सगळं मला विचारते. "मले नाही समजत, तुम्हीच सांगा वहिनी." आणि मी सांगते. घर आता माझ्या शब्दावर चालतं.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापिकेनं तिला मुलींचा खो-खोचा संघ बांधायला सांगितलं. धावायचं नाही, खुर्चीवर बसून मुली पारखायच्या. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा तसा पाहिला नव्हता. "घेऊ काय जी वहिनी? जमंल काय मले?"

एक शब्द लागत होता. घे. तेवढाच. पण मला वाटलं, हिचा भरवसा परत आला तर ही त्या सकाळचा पुन्हा विचार करेल. फांदीचा करेल. दोरीचा करेल. माझा करेल.

मी म्हटलं, "राहू दे. उगाच डोक्याला ताप. पुन्हा चुकलं तर?"

तिनं माझ्यासमोरच मुख्याध्यापिकेला फोन लावला आणि म्हणाली, "नाही जमणार मॅडम, वहिनीले विचारलं मी."