युरियाची रेघ

त्या पावसाळ्यात आमच्या मुरुम गावात मैदान आखायला फक्की मिळाली नाही. दुकानात चुना होता, पण कळीचा. तो विरवा, वाळवा, चाळा, एवढा धीर आमच्या फुटबॉल संघाला कधीच नव्हता. माझा दादा संघात उजव्या बाजूनं पुढं खेळायचा. तो घरी गेला, उसाला टाकून उरलेलं युरियाचं अर्धं पोतं मोटरसायकलवर आडवं टाकून घेऊन आला, बैलाच्या कासऱ्यानं माप धरलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र दाण्यांनी सगळं मैदान आखून काढलं. संध्याकाळच्या उजेडात रेघा अशा चमकत होत्या की खेळायला आलेली पोरं थोडा वेळ काठावरच उभी राहिली. पाय ठेवायची कुणाची छाती होईना.

पुढं दोन दिवस भुरभुर लागली आणि रेघा विरघळून गेल्या. काही दिवसांनी त्या जमिनीतून परत वर आल्या, हिरव्या होऊन. बाकी मैदानावर खुरटं, पिवळट गवत आणि त्यात घोट्याएवढी उंच, गर्द हिरवी चौकट. सकाळी धुक्यात मी मैदानालगतच्या बाजार आवाराच्या भिंतीवर बसून ती बघायचे तेव्हा वाटायचं, आमचा खेळ आता जमिनीनंच मनावर घेतलाय.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दादाला झापलं. "शिकलेला माणूस तू! खतानं रेघ मारतं का कुणी?"

"आता हलत न्हाय ती अण्णा," दादा म्हणाला. "चुन्याची काय, दर सामन्याला मारा."

त्या चौकटीत एकच खोट होती. कासरा ताणला गेल्यामुळं बाजार आवाराकडच्या टोकाला, गोलाच्या दोन्ही अंगांची रेघ हातभर बाहेर गेली होती. खांब बरोबर जागी होते, रेघ मात्र त्यांच्या मागं. कुणी मनावर घेतलं नाही. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आमची पोरं रोज त्याच हिरव्या रेघेवर धावली, वळली, थांबली. ती त्यांच्या पायात भिनली.

या संघाच्या मागं लागण्यात शहाणपण काहीच नव्हतं. ऐन भरात आलेला आमचा एक खेळाडू मध्यंतरात फोन आला म्हणून निघून गेला होता. शेतावर मळणी यंत्र आलं होतं. यंत्र आज गेलं तर आठ दिवस परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत असल्यामुळं त्याला कुणी शिवीसुद्धा दिली नाही. उरलेले दहा जण हरले. एका वर्षी मैदानभर सोयाबीन वाळत पडलं होतं म्हणून घरचा सामना पाहुण्यांच्या गावात खेळावा लागला. आणि एखाद्या वर्षी काहीतरी जुळून यायचं, चेंडू पायाला चिकटल्यासारखा जायचा. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून आम्ही घसा बसेपर्यंत ओरडत गावातून फिरायचो. दुसऱ्या दिवशी बोलता यायचं नाही आणि कुणी विचारलं तर नुसतं हसायचं.

मी संघाची पत्रकं लिहायची. आमच्या घरी पत्रकांना तोटा नव्हता. अण्णा चळवळीतले, पाणी असो, मजुरी असो, बंद पडलेली शाळा असो, त्यांचं पत्रक निघायचंच. लहानपणी माझी पाढ्यांची वही म्हणजे उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी. पाढे झाले की पान उलटून मी पुढची बाजू मोठ्यानं वाचायची. त्यामुळं फुटबॉलबद्दल लिहितानाही माझा सूर तोच. 'हे पटांगण कुणाच्या मालकीचं नाही, खेळणाऱ्यांचं आहे!' पोरं हसायची, पण चौकात नेऊन चिकटवायची.

दिवाळीच्या आधी आमचा संघ सीमाभागातल्या गावांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. सामना आमच्याच मैदानावर, समोर कर्नाटकातला, सीमेपलीकडचा संघ. दादाला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली होती; दिवाळी झाली की तो जाणार. शाळेपासून तो या संघात खेळला होता आणि त्याच्या हाती एकदाही चषक आला नव्हता. या सामन्यानंतर येणारही नव्हता. घरात कुणी तसं बोलत नव्हतं, पण आईनं त्याची जर्सी दोनदा धुतली.

इकडं रिवाज असा, की पंच बाहेरचा आणि बाजूच्या रेघेवर झेंडा घेऊन पळायला दोन्ही संघांनी एकेक माणूस द्यायचा. आमचा नेहमीचा झेंडेवाला इतका आमचा होता की पाहुण्यांनी त्याला बघताच नकार दिला. वाद वाढला तेव्हा त्यांच्यातलाच एक म्हातारा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ती पत्रकवाली पोरगी द्या. ती खोटं करणार न्हाय म्हणत्यात." आमची मंडळी चटकन तयार झाली. मी कितीही तत्त्वाची असले तरी दादाची बहीण होते.

पंच उमरग्याहून आलेले क्रीडाशिक्षक. त्यांनी फितीनं मोजून, फक्कीनं नव्या रेघा मारल्या आणि दोन्ही कर्णधारांना बजावलं, "पांढरी रेघ खरी. हिरवी विसरा."

आजूबाजूला मळण्या चालू होत्या. सोयाबीनच्या भुसाची बारीक धूळ हवेत तरंगत होती आणि उतरत्या उन्हात सगळं मैदान मधात बुडाल्यासारखं दिसत होतं. मी झेंडा घेऊन बाजूनं पळत होते, पण आपण पळतोय असं वाटत नव्हतं. मराठी आणि कानडी आरोळ्या एकमेकींत मिसळून लांबून येत होत्या. फक्की पायांनी विस्कटत चालली होती. हिरवी रेघ होती तशीच होती.

शेवटची काही मिनिटं उरली. गोल एकही नव्हता. तेवढ्यात माझ्याच बाजूनं दादा सुटला. एकाला आतून चकवलं, दुसऱ्याला बाहेरून. चेंडू थोडा लांब गेला. पाहुण्यांचा बचाववाला हात वर करून थांबला. दादा थांबला नाही. अगदी बाजार आवाराकडच्या टोकाला, घोट्याएवढ्या गवताला चेंडू टेकता टेकता त्यानं पाय फिरवला आणि तो मागं गोलासमोर टाकला. आमच्या पोरानं डोकं लावलं. जाळी हलली.

मैदानभर माणसं घुसली. मी जागची हलले नाही. चेंडू पांढरी रेघ पूर्ण ओलांडून गेला होता. हिरवी ओलांडली नव्हती. दादा त्याच्या रेघेपाशी वळला होता.

माझा हात वर गेला. झेंड्यासकट.

"अगं ए! खाली घे ते!"

"घरभेदी निघाली की ओ ही!"

"पत्रक काढ आता, पत्रक!"

त्या गलक्यात एक आवाज मला वेगळा ऐकू आला. अण्णांचा. मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभे राहून ते दोन्ही हातांनी खूण करत होते. "अगं खाली घे! भाऊ हाय तुझा!"

मी त्यांच्याकडं बघितलं. हात खाली घेतला नाही.

सगळ्यांना बाजूला सारत दादा माझ्यापुढं आला. घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते.

"बाहेर गेलता?"

"व्हय."

"पुरा?"

"पुरा, दादा."

त्यानं रेघेकडं बघितलंसुद्धा नाही. वळला आणि पोरांना म्हणाला, "चला रे, मागं चला." पण निम्मी पोरं अजून माझ्याभोवतीच भांडत होती. पंचांनी गोल रद्द केला, माणसं दोरीबाहेर काढून शिट्टी दिली, पाहुण्यांनी गोलापासून चेंडू लांब मारला, आणि आमच्या मोकळ्या पडलेल्या अर्ध्या मैदानात त्यांचे दोघंच पळत गेले. आमचा गोलरक्षक एकटा. मग काय व्हायचं होतं तेच झालं.

चषक सीमेपलीकडं गेला. गर्दी पांगताना माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि मला ते कबूल होतं. पुन्हा तसा चेंडू गेला तर पुन्हा तसाच हात वर जाईल, हे मला तेव्हाही माहीत होतं.

घरी आईनं ताटं वाढली. अण्णा खाली मान घालून जेवत होते. दोनदा त्यांनी माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात भाकरीचा तुकडा मोडून घातला. दादानं आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. भुरका मारला आणि ताटाकडंच बघत म्हणाला, "गोल लई भारी होता, न्हाय?"

"लई भारी."

"दोघांना सोडलं म्या. दुसरा तर बसलाच खाली."

"बघितलं की. मी तिथंच होते."

"तू तर सगळ्यात जवळ हुतीस," तो म्हणाला. मग अण्णांकडं वळला. "अण्णा, तुम्हाला दिसला का तिथनं?"

अण्णांनी घास तसाच हातात धरला. "माणसं आडवी आली रे," ते म्हणाले. "नीट न्हाय दिसला."

"थांबा, दावतो," दादा म्हणाला. आणि उष्ट्या हातानंच त्यानं मिठाची वाटी, दोन कांदे आणि माझा पाण्याचा तांब्या पुढं ओढला.