अकरा सामने आणि आठ मिनिटं

मी बुद्धभूषण हिवराळे. राहायला पुंडलिकनगर, नोकरीला फुलंब्रीच्या एका शाळेत लिपिक. रोज सकाळी मोटारसायकलवर जातो, संध्याकाळी येतो आणि मधल्या वेळात लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतो. हे काम मी लई मन लावून करतो. शिक्का पुसट असला, तारखेत खाडाखोड असली, वडिलांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं, की ते मला लांबूनच दिसतं. माझ्या घरात काय चाललंय ते मात्र दोन महिने दिसलं नाही. त्याचीच ही हकिकत आहे.

आमची विशाखा नववीत आहे. सहावीपासून हॉकी खेळते. खेळते म्हणजे काय, तर जेवताना तिची स्टिक मांडीला टेकवलेली असायची. बिल्डिंगच्या खाली भिंतीवर चेंडू मारून मारून तिनं तळमजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप कायमची घालवली. ते तक्रार घेऊन वर आले की मी मान खाली घालून ऐकायचो आणि ते गेले की रूपाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणायचो, "बघ, पोरगी किती जिद्दीची आहे." जिद्द पोरीची आणि छाती माझी फुगायची.

तिच्या शाळेत साहेबराव सर खेळ शिकवतात. मुरमाचं मैदान, सतरा-अठरा मुली आणि धड अवस्थेतल्या बारा स्टिका, एवढ्यावर त्यांनी कित्येक वर्षं संघ उभा केलाय. त्यांचा एक नेम आहे. एप्रिल संपला की सगळ्या स्टिका गोळा करायच्या आणि लोखंडी कपाटात कुलपात टाकायच्या. मुलींच्या स्वतःच्या असल्या तरी. वर सांगायचं, "मामाच्या गावाला जा. झाडावर चढा, विहिरीत पोहा, आंबे खा. पंधरा जूनला या. तोपर्यंत हात शिवशिवले पाहिजेत."

मला हा माणूस आळशी वाटायचा. पगार चालू, सुट्टी पदरात, वर आंब्यांचा उपदेश. आणि हे म्हणणारा कोण, तर जिल्ह्यात कुठलीही स्थानिक सुट्टी जाहीर झाली की आदेशाची प्रत सगळ्यात आधी मिळवणारा मी.

त्याच सुमारास औरंगपुऱ्यात एका हॉलमध्ये पालकांची सभा झाली. एक अकॅडमी उन्हाळ्यात मुलींचा संघ घेऊन बाहेरगावच्या निमंत्रित स्पर्धांना जाणार होती. तिथले प्रशिक्षक विश्वजीत सर म्हणून होते. कडक इस्त्रीचा टी-शर्ट, हातात रिमोट, पडद्यावर आलेख. म्हणाले, "बाकीच्या मुली झोपतील तेव्हा तुमची मुलगी खेळत असेल. तीन स्पर्धा, तीन प्रमाणपत्रं." प्रमाणपत्र हा शब्द ऐकला आणि माझं काम तमाम झालं. टाळी पहिली मीच वाजवली. फॉर्मही पहिला मीच भरला, आणि शेजारच्या पालकांचा तपासूनही दिला. त्यांनी पिनकोड चुकवला होता.

आता यात नुसता पोरीचाच विचार होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझे वडील धोंडिबा यांनी मोंढ्यात पोती वाहिली. मी खुर्चीवर बसलो. विशाखानं खेळाडूंच्या कोट्यातून फौजदार व्हावं आणि आमच्या दारात सरकारी गाडी उभी राहावी, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं की गाडीचा नंबर तेवढा ठरवायचा राहिला होता. पोरीला यातलं काही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

नांदेड, पुणे आणि बल्लारपूर. सगळा खर्च अडतीस हजारांवर गेला. रूपाची भिशी त्याच महिन्यात लागली होती. ती वॉशिंग मशीनसाठी ठेवली होती. रूपा म्हणाली, "साहेबराव सर नको म्हणतात तर कशाला?" मी म्हणालो, "सरांना काय कळतं." रूपानं पैसे दिले आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

मग मी फ्लेक्स लावला. होय, मीच. 'राष्ट्रीय हॉकी स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल कु. विशाखा हिचे हार्दिक अभिनंदन.' निवड कसली, फॉर्म भरला होता. राष्ट्रीय कसली, निमंत्रित होती. फोटो दोन. डिझाइनवाल्यानं विचारलं, मोठा कुणाचा ठेवू, तर मी म्हणालो, तुझ्या हिशेबानं ठेव. त्याच्या हिशेबात पैसे देणाऱ्याचा फोटो मोठा असतो. चौकात गॉगल लावून मी, आणि माझ्या कोपराजवळ विशाखा. गाडी नांदेडला पोचायच्या आधी आमचं अभिनंदन होऊन गेलं होतं.

स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी दुपारी तिचा नांदेडहून फोन आला. मी रसवंतीवर उभा होतो.

"पप्पा, मला न्यायला या ना."

"काय झालं? बरं नाय का?"

"बरं हाय. पण या ना."

मला वाटलं, घरची आठवण येतेय. मी भाषण बरं करतो. चौदा एप्रिलला कॉलनीत मला पाच मिनिटं देतात, मी पंचवीस घेतो. तसंच तिथं सुरू झालं. आजोबांनी पोती वाहिली, मी दिव्याखाली शिकलो, आपल्या घरातल्या माणसानं पाऊल मागं घ्यायचं नसतं. दिव्याचं मी जरा वाढवून सांगतो, आमच्याकडं लाईट होती. रसवंतीवाला उसाचं कांडकं हातात धरून ऐकत राहिला. पलीकडून विशाखा एवढंच म्हणाली, "बरं, ठेवते."

त्यानंतर तिनं न्यायला या असं कधीच म्हटलं नाही. उलट रोज संध्याकाळी फोनवर सामना सांगायला लागली. कुणी पास कसा दिला, पेनल्टी कॉर्नर कसा अडवला, चेंडू कसा रेषेवरून काढला, सगळं. मी तेच दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन साभिनय सांगायचो. एकदा लाकडी फूटपट्टीची स्टिक करून दाखवताना शिपायाच्या हातातला चहा उडवला. तिन्ही स्पर्धांत संघ हरून आला, पण मला काय, माझ्या मुलीनं चेंडू अडवला होता.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वाढीव क्रीडा गुणांचे प्रस्ताव आमच्या शाळेत माझ्याच टेबलावर तयार होतात. विशाखा दुसऱ्या शाळेत, तिच्या दहावीला अजून वर्ष बाकी, पण मला दम कुठला. जेवणाच्या सुट्टीत तिची फाईल उघडली. तीन प्रमाणपत्रं लावली आणि सवयीनं वाचली. तिन्हींवर 'निमंत्रित' लिहिलेलं होतं. मागच्या वर्षी सखाराम नावाचा एक बाप मुलाचं असलंच प्रमाणपत्र घेऊन माझ्यापुढं उभा होता. मी त्या कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'शासनमान्य स्पर्धा नाही, सबब ग्राह्य नाही.' तो म्हणाला होता, "साहेब, आम्हाला आधी कुणी सांगितलं नाय." मी म्हणालो होतो, "नियम वाचायचे असतात." तो गेल्यावर मी डबा खाल्ला होता.

तिथंच थांबलो असतो तर मला फक्त मूर्खपणा कळला असता. पण कागदाला पुरावा जोडायची आमची खोड. मी तिन्ही आयोजकांना फोन करून सामन्यांच्या नोंदीच्या प्रती मोबाईलवर मागवल्या. सामन्याच्या कागदावर सगळ्या मुलींची नावं असतात, आणि जी मैदानात उतरते तिच्या नावापुढं खूण होते. एकूण अकरा सामने. मी बोट ठेवून एकेक ओळ बघत गेलो. हिवराळे विशाखा, खूण नाही. पुढचा, खूण नाही. दहा कागद तसेच. बल्लारपूरच्या शेवटच्या सामन्यात एक खूण होती आणि बाजूला वेळ लिहिली होती. ती शेवटची आठ मिनिटं खेळली होती. तेव्हा संघावर सात गोल झाले होते.

मला आधी राग आला, आणि राग आला की मी अर्ज लिहितो. विश्वजीत सरांच्या विरोधात दोन पानी तक्रार, सोबत तीन जोडपत्रं. घरी येऊन रूपापुढं ठेवली. तिनं ती वाचलीच नाही. म्हणाली, "आधी पोरीला विचारा. पंधरा तारीख होऊन गेली, आठ दिवस झाले ती सरावाला गेली नाय. तुमच्या ध्यानात तरी आलंय का?"

नव्हतं आलं. साहेबराव सर शनिवारी शाळेचा संघ निवडणार होते, जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी. म्हणजे खऱ्याखुऱ्या, शासनमान्य. विशाखाची स्टिक अजून सरांच्या कपाटात होती, कारण अकॅडमीनं नवी घ्यायला लावली होती. नवी पलंगाखाली पिशवीतच पडलेली.

मी तिच्यापुढं कागद ठेवले. तिनं पाहिले आणि पाठ केलेलं म्हणावं तसं बोलली.

"अठरा पोरी नेल्या होत्या पप्पा. अकॅडमीतली ती सायली आणि अजून बारा जणी खेळायच्या. आम्ही बाटल्या भरायचो."

"मग मला सांगायचं नाय का?"

"पहिल्याच दिवशी फोन केला होता ना. तुम्ही आजोबांचं सांगितलं."

"नंतर तरी?"

"चौकात फ्लेक्स लागला होता. मम्मीच्या भिशीचे पैसे गेले होते. काय सांगणार?" मग म्हणाली, "बाहेर बसून सगळं नीट दिसतं. म्हणून सांगता यायचं."

चौदा वर्षांची पोर तळपत्या उन्हात दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्या भरत होती आणि संध्याकाळी बापाला बरं वाटावं म्हणून त्याला सामने रचून सांगत होती. आणि बाप ते ऐकून फूटपट्ट्या फिरवत होता. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

एक सांगतो, असल्या स्पर्धा सगळ्यांच्याच बाबतीत वाया जातात असं नाही. सायली सगळे सामने खेळली, तिचा खेळ सुधारला, तिच्या वडिलांचे पैसे वसूल झाले. पण सायलीला तिथं जायचं होतं. आमच्याकडं जायचं होतं ते मला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून साहेबराव सरांकडं गेलो. मैदानावर मुली पळत होत्या. मी सगळं सांगितलं, फ्लेक्ससकट. सर हसतील, मी तर म्हणत होतो असं काहीतरी ऐकवतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी शिट्टी वाजवून मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि कपाट उघडून विशाखाची जुनी स्टिक काढून दिली.

मी म्हणालो, "सर, शनिवारी तिला घ्या. मी सांगतो तिला यायला."

"हिवराळे, तुम्ही सांगू नका. तिला खेळायचंय का, ते विचारा. आणि ती नाय म्हणाली, तर नाय ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारा. मला घाई नाय."

स्टिक मोटारसायकलला आडवी बांधून घरी आणली. ती भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारलं. सोपं वाक्य होतं, तरी दोनदा अडखळलो. "विशाखा, तुला खेळायचंय का?"

तिनं उलट विचारलं, "नाय खेळले तर चालंल का तुम्हाला?"

फौजदार, सरकारी गाडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. रूपा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेवटी म्हणालो, "चालंल."

"खरंच?"

"खरंच. मला वाईट वाटंल. पण चालंल."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. खोटं पकडायची नजर तिला माझ्याकडूनच आली असावी. मग स्टिक उचलली, पकडीवरची जुनी पट्टी नखानं उकलत बसली आणि वर न बघता म्हणाली, "मग मी जाते शनिवारी. पण तुम्ही बघायला यायचं नाय. कधीच."

लई लागलं. तिला खेळताना बघण्याइतकं मला दुसरं काही आवडत नाही, आणि हे तिला पक्कं माहीत आहे. वाद घालायला माझ्याजवळ मुद्देही होते. मी "बरं" म्हणालो.

शनिवारी सकाळी सहाला ती एकटी गेली. साडेसहापर्यंत मी बूट घालून खुर्चीत बसून होतो. रूपानं चहा आणला, बुटांकडं पाहिलं आणि काढायला लावले.

आता ती रोज जाते. येताना गुडघे खरवडलेले असतात, मोजे मातीनं लाल झालेले असतात आणि भूक सपाटून लागलेली असते. संघात नाव आलं का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारावंसं मात्र रोज वाटतं.