शेडकार्डवरचा मासा

माझे मेहुणे सणसवाडीच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहेत, त्यामुळे रंगातलं फक्त आपल्यालाच कळतं अशी त्यांची समजूत. दौंडला भीमेवर गळ टाकायला आले ते चक्क शेडकार्ड घेऊन. काठावरची बोटभर मासळी कार्डावर ठेवून त्यांनी चंदेरी छटा जुळवली आणि डब्यातल्या, गळाला आमिष म्हणून लावायच्या प्लॅस्टिकच्या मासळ्यांतून नेमकी तीच निवडली. आता मोठा मासा फसणारच म्हणे!

शेजारी कणकेच्या गोळ्या लावून बसलेले आबा म्हणाले, “पावणं, ह्या काळ्या पाण्यात माशाला सोताचं शेपूट दिसत न्हाई, तुमचा रंग कुठनं दिसायचा?”

मेहुणे नुसतेच हसले, अडाण्याला हसावं तसे.

तासाभरानं गळाला काहीतरी लागलं. ओढलं, तर गुटख्याची रिकामी चंदेरी पुडी. मी ती शेडकार्डावर ठेवून बघितली. रंग तंतोतंत जुळला.