जावयाची ड्रिल आणि माझा राब

आमच्या जावयाला आग लागू न देण्याचा पगार मिळतो. आग लावणारी सासू मात्र त्याला फुकट मिळाली.

जावई भास्कर वाशिंदला एका नव्या सोसायटीत देखभालीला आहे. पाण्याची टाकी, पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि भिंतीला टांगलेली ती लाल नळकांडी, सगळं त्याच्या डोक्यावर. आयटीआय केलेला, वर आग विझवायचा सहा महिन्यांचा कोर्स. (सहा महिने! आमच्या वैशाखरे गावात आग विझवायला एक हंडा आणि एक बोंबलणारी बाई पुरते.) नोकरीबरोबर तळमजल्याला दोन खोल्या. पण सगळं कच्चं हो! कंपनीचे साहेब येणार, आगीची ड्रिल बघणार आणि मग त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. आता घरी म्हणजे कुठं? तर माझ्याकडे! तेव्हा ती नोकरी टिकावी म्हणून भास्कर देवाला एक नारळ बोलला असेल, तर मी दोन.

ड्रिलच्या आदल्या दिवशी मी लेकीकडे पोचले. सोबत एसटीतून आणलेली गोवऱ्यांची गोणी.

"आये, गोवऱ्या कशाला आणल्यास? हितं गॅस हाय!" सुगंधा म्हणाली.

"असू दे. ती ड्रिल म्हंजे काय गो?"

"खोटी आग. घंटा वाजते, लोकांनी जिन्यानं खाली यायचं. यांनी मोजायचं, मग परत वर पाठवायचं."

"खोट्या आगीला लोक येतात?"

"तीच तर पंचाईत! गेल्या टायमाला दोघं आले. त्यातला एक दूध आणायला निघालेला."

दुसऱ्या दिवशी भास्कर सकाळपासून इस्त्रीचा गणवेश घालून घामाघूम. मला म्हणाला, "मामी, आज तुमी आतच बसा हां. अकराला साहेब येतील."

"मी कशाला येतेय तुझ्या मधी!" असं म्हणून मी मागच्या दारानं बाहेर पडले.

बिल्डिंगीच्या मागं मातीचा एक पट्टा आहे. मोकळा! मे महिना चाललेला आणि जमीन तशीच पडलेली. माझ्या जिवाला कसं बघवेल? आमच्याकडे पेरणीआधी जमीन भाजतात. शेण, पालापाचोळा, वरून माती, आणि वारा बघून एका कडेनं काडी लावायची. जाळ नाही, नुसती धग आणि भरपूर धूर. याला राब म्हणतात. मग त्यात रोप टाकायचं, तण म्हणून उगवत नाही. म्हटलं, भात नाही तर नाही, लेकीला वांगी-मिरचीचं रोप तरी करून देऊ.

झाडणाऱ्या बाईनं पाल्याची पोती भरून ठेवलेलीच होती. पार्सलांची खोकी तर ढिगानं! (ही माणसं मीठसुद्धा खोक्यातून मागवतात.) गोवऱ्या माझ्या. असा राब रचला की शेजारणी जळल्या असत्या. वारा बघितला, काडी लावली.

इथंच घोळ झाला. वैशाखऱ्याचा वारा मला ओळखतो. बिल्डिंगीतला वारा पडला परका. भिंतीला आपटला, गर्रकन वळला आणि माझा सगळा धूर उचलून जिन्यात घेऊन गेला! छताला ते वास घेणारं पांढरं बटण असतं ना, त्यानं वास घेतला आणि घंटा सुरू!

खाली कुणी येईना. दुसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अहो भास्कर, ड्रिल अकराला ना? मी केसांना मेंदी लावलीय!"

"मॅडम, ही ड्रिल नाय! खरीच आग हाय!"

"छान करतोस हो अॅक्टिंग!"

मग धूर तिच्या खिडकीतून आत गेला, आणि मेंदी पहिली खाली आली. तिच्या मागं सगळी बिल्डिंग. अर्ध्या दाढीचा एक, टीव्ही कवटाळलेला एक, आणि एक आजोबा नुसत्या टॉवेलवर. भास्कर दारात उभा राहून ओरडत होता, "लिफ्ट नको! जिन्यानं! टॉवेल धरा, आजोबा!" सगळ्यांना बाहेर काढलं, घरागणिक मोजलं, मग लाल नळकांडं उचलून मागं धावला.

राबापुढं मी उभी. दोन्ही हात पसरून.

"मामी, सरका!"

"अरे, विझवू नको! अर्धाच भाजलाय!"

त्यानं तोवर पिन ओढली होती. पांढरी पूड अशी सुटली, की राबाआधी मी विझले. तळायच्या आधी पिठात घोळलेला बोंबील कसा दिसतो? तशी!

तेवढ्यात अकराच्या आधीच पोचलेले साहेब डोळे पुसत आले. म्हणाले, "वा! मी इतक्या बिल्डिंगी बघितल्या, ड्रिलला एवढी माणसं कुठं बघितली नाहीत. धूर तर अगदी खऱ्यासारखा! आणि या आजी? जखमीचं काम काय झकास केलंय!"

भास्करनं साहेबांना सलाम ठोकला. सुगंधानं मला डोळ्यांनी दटावलं. टॉवेलवाल्या आजोबांनीसुद्धा मान डोलावली! मी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण माझ्या राबाला कुणी खोटा म्हणावं?

"काम कसलं, साहेब? राब हाय माझा! इतकी वर्षं लावतेय, कुणाचं कुंपण जळलं नाय!"

"आग तुम्ही लावलीत?"

"मग काय तुमी लावलीत?"

सुगंधानं कपाळावर हात मारून घेतला. साहेब भास्करकडे वळले. "या जागेला पात्रता काय मागितली होती?"

"आयटीआय, साहेब. आणि फायरचा कोर्स."

"आणि सासू?"

"ती... विचारली नव्हती, साहेब."

साहेब मला जवळून बघायला पुढं आले. मी पापण्यांवरची पूड झटकली, ती त्यांच्या बुटांवर पडली. आणि साहेबांना जे हसू फुटलं ते थांबेना! हसता हसता म्हणाले, "बिल्डिंग रिकामी झाली, माणसं मोजली, आग विझली. आणखी काय बघायचं? कायम करतो तुला. पण कामात एक काम वाढलं. रोज टाकी बघायची, पंप बघायचा, नळकांडी बघायची. आणि सासू आली की सासू बघायची!"

नोकरी वाचली हो! त्या पट्ट्यात वांगीही धरली. मेंदीवाली बाई पिशवी भरून नेते आणि वर मलाच सांगते, "आजी, पुढच्या वेळी आधी कळवा."

परवा पुन्हा गेले, तर वॉचमननं फाटकातच अडवलं. "आजी, काडेपेटी जमा करा. भास्करभाऊंची ऑर्डर हाय."

मी कमरेची पिशवी सोडून काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली. जावयाची नोकरी आहे, आपणच नियम पाळला नाही तर कसं? घरात गेले, पाणी प्याले आणि लेकीला म्हटलं, "सुगंधा, तवा तापत ठेव गो. जरा तंबाखू भाजून मिश्री करून घेते."

मिश्री काळी व्हायच्या आत सगळी बिल्डिंग खाली होती. टॉवेलवाले आजोबा या वेळी पॅन्ट घालून.