पाणकराची बांधी

पाणी वाटणाऱ्या माणसाची जमीन कुठं असावी, हे ज्यानं पहिल्यांदा ठरवलं तो फार शहाणा असला पाहिजे. नवेगाव बांधपासून दोन कोसांवरच्या चिचटोल्यात कोहळी समाजाच्या लोकांनी तलाव बांधला, तेव्हाच पाणकराची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, त्यांनी पाटाच्या अगदी शेपटाला नेऊन ठेवली. तलावाचं तोंड उघडलं की पाणी आधी पाळीखालच्या, तलावाच्या मातीच्या भिंतीलगतच्या, मोठ्या शेतकऱ्यांकडे उतरायचं, मग मधल्यांकडे, मग खालच्या एक-दीड एकरवाल्यांकडे आणि सगळ्यांच्या शेवटी पाणकराकडे. त्याचा धान भिजला म्हणजे गावाचा भिजला. राखणीला कुणी बसायचं नाही, वेळ कुणी मोजायची नाही.

शालीकराम हा चौथ्या पिढीचा पाणकर. पाटात उभं राहून, पोटरीला लागणाऱ्या ओढीवरून, पाणी खाली कुठवर गेलं हे तो सांगे. कुणाचा बांध फुटला, कुणी गुपचूप फोडला, हेही त्याला तिथूनच कळे. मग फावडं खांद्यावर टाकून तो नेमका त्याच दारात जाऊन म्हणे, "काऊन गा, तुया धान जास्त तहानेला आहे का?" माणूस हसत हसत बांध बुजवायला उठे.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्या साली गावानं गूळ वाटला. शालीकरामनंही खाल्ला. तलाव सरकारचा झाला म्हणजे आपलं काम गेलं, हे त्याला पुढच्या पावसाळ्यात कळलं. तोंडाला लोखंडी दार बसलं, त्यावर फिरवायचं चाक आलं, चाकाला कुलूप आलं. पाणकर हा शब्द कचेरीच्या एकाही कागदात नव्हता. कुलूप उघडायला गोरेगावच्या कचेरीतून माणूस येई आणि संध्याकाळच्या आत परत जाई.

दोन वर्षं शालीकरामनं रस्त्यावर खडी फोडली. एका बांधीवर दोन जीव भागत नव्हते. तलावावर कायमचा चौकीदार नेमणार, त्याला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं ऐकलं तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस. भरदुपारी तो शाळेत भैयाजी गुरुजींपुढं पाटी घेऊन बसू लागला. येणारे-जाणारे खिडकीतून वाकून बघत.

"शालीक, कोणत्या वर्गात आहेस गा?"

"तुया नातवाच्या. पोरगं हुशार आहे, तुयावर नाई गेलं."

सहा महिन्यांत तो सही शिकला, आकडे शिकला, अडखळत का होईना हुकूम वाचायला शिकला. मुलाखतीला ओवरसियर साहेबांनी सगळं विचारलं, मान डोलवली आणि शेवटी सहज म्हटलं, "तालाब के नीचे जमीन है?"

"आहे ना साहेब! सगळ्यात शेवटची." शालीकरामची छाती फुगली होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फिर नहीं होगा. पानी बाँटनेवाले की खुद की जमीन नहीं चलेगी. आदमी पहले अपना खेत भरेगा."

शालीकरामला वाटलं, परमुलखातला माणूस, त्याला समजलं नसेल. त्यानं बोटानं टेबलावर पाट काढून दाखवला. "इथं तोंड, इथं माई बांधी. मले पहिले भरताच येत नाई, साहेब. म्हणून तं तिथं आहे."

"मुझे कायदा मत सिखाओ," साहेब म्हणाले. "बेच दो, फिर आना."

घरी त्याची बायको रुख्मा तांदूळ पाखडत होती. ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "बांधी इकून लोकाच्या बांधीले पाणी देशीन? शाळेत जाऊन हेच शिकला का?"

"दोन सालं खडी फोडली, रुख्मा. रस्त्यावर मले पाहून लोक मान फिरवतेत. मले माया तलाव पाहिजे."

"तलाव पाहिजे का चौकीदाराचा कोट पाहिजे?"

त्यानं बांधी विकायला काढली. ती गावातल्या खुशालनं घेतली. त्याची सगळी शेती पाळीखाली, पाण्याच्या तोंडाशी. शेपटाच्या तुकड्याची त्याला गरज नव्हती. त्यानं तो पडीक ठेवला, बैल चारायला.

खाकी कोट घालून शालीकराम पाळीवर चढला तेव्हा मात्र गाव त्याच्याकडे बघत राहिलं. पहिली तीन वर्षं पाऊस भरपूर झाला. हुकूम यायचा, तो चाक फिरवायचा, वहीत तारीख आणि वेळ लिहायचा. अक्षर सुधारत गेलं. पाळीवरच्या झोपडीत बसून केलेल्या या कामात चूक शोधायला कुणाला जागा नव्हती.

चौथ्या साली हस्त कोरडा गेला. उशिरा पिकणारा भारी धान पोटरीला, निसवण्याच्या बेतात आलेला आणि तलाव अर्धा. हुकूम आला, तीन दिवस पाणी सोडून बंद करावं. तिसऱ्या दिवशी पाळीखालून जाणाऱ्या खुशालला त्यानं हाक मारली, "खालत पोचलं का गा?"

"पोचलं, पोचलं."

शालीकरामनं दार खाली उतरवलं, कुलूप लावलं, वहीत लिहिलं, 'पूर्ण.'

पाचव्या दिवशी पाटाच्या खालच्या अंगाचा शेतकरी केवळराम आला. हातात उपटलेलं धानाचं रोप होतं, पोटरीतच करपलेलं. ते त्यानं वहीवर ठेवलं.

"शालीक, खालत आला होतास?"

"तीन दिवस सोडलं. हे पाह, लिहून आहे."

"लिहिलेलं नाई इचारत. तू आला होतास का?"

 चार वर्षांत एकदाही शालीकराम शेपटापर्यंत गेला नव्हता. आणि जाणं थांबलं कधी, हेही त्याला सांगता आलं नसतं. कुणी अडवलं नव्हतं. तिकडं काही उरलं नव्हतं, एवढंच.

"पहिले तुया धान वाळायचा, मंग आमचा," केवळराम म्हणाला. "आता तुया काईच वाळत नाई."

तो गेल्यावर शालीकराम पाटानं खाली उतरला. मधल्या बांध्यांच्या पुढं पाटाची माती कोरडी होती. त्याच्या जुन्या बांधीत खुशालचे बैल चरत होते आणि शेजारची दहा-बारा घरांची शेतं भेगाळली होती. तो तसाच परतला, कुलूप काढलं आणि हुकुमाशिवाय चाक फिरवलं. दोन दिवस पाटाच्या काठानं फिरून पाणी शेपटाला पोचवलं. जे करपलं होतं ते करपलंच. थोडं वाचलं.

तलावात उरलेल्या पाण्यावर खुशालची उन्हाळी पिकाची आशा होती. त्यानं चौकीदाराविरुद्ध तक्रारअर्ज केला. साहेब आले, चावडीवर गाव जमवलं आणि विचारलं, "चौकीदार ने पानी छोड़ने का क्या लिया?"

 शालीकराम केवळरामकडे बघत होता.

"काई नाई घेतलं," केवळराम सावकाश म्हणाला. "त्याची आता बांधी नाई खालत. मंग कायले सोडलं, ते त्यालेच ठावं."

साहेब खूश झाले. बांधी नसल्यानं माणसाचा स्वार्थ उरला नाही, हे त्यांनी तिथल्या तिथं कागदावर घेतलं. ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

पुढच्या पावसाळ्यात पहिला हुकूम आला तेव्हा शालीकराम दार उघडून लगेच पाटात उतरला. कोट झोपडीत ठेवला होता, फावडं घेतलं होतं. मधल्या वळणावर केवळराम पाण्यासोबत चालताना दिसला. त्याच्याही खांद्यावर फावडं होतं. खालच्या घरांनी बैठक घेऊन त्याला पाणकर केलं होतं. खुशालचा पडीक तुकडा सोडला तर शेपटाची शेवटची शेती आता त्याचीच होती. शालीकरामला कुणी कळवलं नव्हतं.

"मी येतो संग," शालीकराम म्हणाला. "पुढच्या मोरीत गाळ बसते, तुले ठावं नसन."

केवळराम थांबला. आवाजात राग नव्हता. "काढला आमी गाळ. तुमी काऊन तरास घेता, चौकीदार? जा, पाळीवर बसा. कुलूप उघडं आहे तिकडं."

पाणी दोघांच्या पायांतून पुढं गेलं. केवळरामही गेला. शालीकराम पाळीवर चढला, कोट घातला आणि दार उघडल्याची वेळ वहीत लिहिली.