पालेगावच्या भूपेशची रायफल

पालेगावचा भूपेश केणे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आहे. बॉयलर बंद पडला की त्याच्या पोटात शिरायला पहिला तोच. वयाची छत्तीस वर्षं या माणसाला कशाचं भय ठाऊक नव्हतं, असं त्याची बायको उन्नती सांगते. मग त्याच्या दाराशी तीन मोटरसायकली येऊन उभ्या राहायला लागल्या.

घर त्याचं वडिलोपार्जित अकरा गुंठ्यांत. पुढे दोन खोल्या, मागे वालाचे वेल आणि दोन आंबे. आजूबाजूला सात-सात मजले उठले होते आणि मधला हा तुकडा आणि गल्लीतली आणखी दोन घरं एका जमीन दलालाला हवी होती. भूपेशने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा दलाल आलाच नाही, त्याने पाळलेली पोरं आली. दुपारी चारच्या सुमाराला फाटकासमोर गाड्या लावायच्या, सीटवर बसून शेंगा खायच्या, टरफलं आत अंगणात टाकायची. शिवी नाही, धमकी नाही. तासाभराने निघून जायची.

त्यांच्यातला मोठा संदीप, भूपेशच्याच शाळेतला. सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले दोघे. एक दिवस भूपेश दुसऱ्या पाळीला निघाला असताना संदीपने शेंग सोलत विचारलं,

"राजसी चौथीला आहे ना रे? किती वाजता सुटते तिची शाळा?"

भूपेशच्या मुलीबद्दल एवढंच विचारलं. भूपेश कामावर गेला, पण त्या दिवशी त्याने हातात घेतलेला पाना तीनदा खाली पडला.

चौकीवर गेला तेव्हा तिथल्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. मग विचारलं की ते नेमकं काय म्हणाले. शाळा कधी सुटते असं विचारलं, हे सांगताना भूपेशलाच ते अगदी साधं वाटलं. यात धमकी कुठे आहे, हे त्याला समजावून सांगता येईना. तो परत आला.

त्यानंतर त्याची झोप गेली, जेवण गेलं. गल्लीत कुठली गाडी वळली की तो हातातलं टाकून खिडकीशी जायचा. कामावरून दर तासाला घरी फोन. एकदा राजसीची व्हॅन वीस मिनिटं उशिरा आली. हा नाक्यापर्यंत धावत गेला आणि व्हॅन दिसताच ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलं. चाक पंक्चर झालं होतं, बिचारा तेच सांगत होता. आत बसलेल्या पोरींमध्ये राजसी होती. ती त्या दिवशी बापाशी बोलली नाही, आणि रात्री आजीपाशी झोपायला गेली.

त्याच आठवड्यात त्याने बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. हे डोक्यात भरवलं धर्मेशने. धर्मेश त्याचा चुलतभाऊ, बदलापूर गावात रेती-विटा पुरवण्याचा धंदा. त्याच्या मोबाईलवर बंदुकांचे ढीगभर व्हिडिओ. घ्यायची तर सेमी-ऑटोमॅटिक रायफलच घ्यायची, स्वस्तातलीही मिळते, शेतावर डुक्कर आलं, घरात चोर आला, हे टपोरी आले, सगळ्याला एकच वस्तू पुरते, असं त्याचं म्हणणं. भूपेशला ते पटलं. प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी, हेलपाटे, या सगळ्यात एक वर्ष गेलं. मोटरसायकली मधूनमधून येतच होत्या. एखादा महिना यायच्या नाहीत, तेव्हा त्याला जास्त भीती वाटायची.

परवाना हातात पडला आणि दोघे भाऊ उल्हासनगरला बंदुकीच्या दुकानात गेले. दुकान हासानंद नावाच्या म्हाताऱ्या सिंधी माणसाचं. चष्मा कपाळावर सरकवून त्याने परवाना दोनदा वाचला. धर्मेशने सेमी-ऑटोमॅटिकचं नाव काढताच त्याने मान हलवली. ती या परवान्यावर बसत नाही, तिला थेट दिल्लीची परवानगी लागते, आणि ती तुमच्या-आमच्यासारख्याला मिळत नाही, हे त्याने सरळ सांगितलं. धर्मेश हुज्जत घालायला लागला तेव्हा तो भूपेशकडे वळला.

"बेटा, ती काय असते माहीत आहे? घोडा दाबला की गोळी, परत दाबला की परत गोळी. मध्ये हाताला कामच नाही. तुझे हात बघ कसे थरथरतात. तुला ते मधलं काम पाहिजे."

भूपेशने हात काउंटरखाली घेतले.

हासानंदने दोन वस्तू काढून दाखवल्या. एक दुनळी बंदूक, जुनी पण सांभाळलेली. दुसरी साधी रायफल, प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढून पुढे ढकलावा लागणारी. ही कुणा निवृत्त माणसाने विकायला ठेवलेली, म्हणून भूपेशला झेपेल अशा भावात. ती रिकामी असल्याची खात्री करून म्हाताऱ्याने त्याच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून खांद्याला लावून बघ म्हणाला.

लाकूड गालाला थंड लागलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या छातीतली धडधड थांबली. भिंतीवरून नळी कधी दाराकडे वळली हे त्याला कळलंही नाही. दाराबाहेर, रस्त्यापलीकडे, कुणी पांढऱ्या शर्टातला माणूस स्कूटरला टेकून फोनवर बोलत होता. भूपेशला तिथे संदीप दिसला. शेंग सोलणारा, हसणारा. बोट आपोआप घोड्यावर दाबलं गेलं.

खट् असा आवाज झाला.

हासानंदने झडप घालून नळी खाली दाबली. रस्त्यावरच्या माणसाला काहीच कळलं नव्हतं, तो बोलतच होता. भूपेशला स्टुलावर बसवून, पाणी देऊन, म्हाताऱ्याने हळू आवाजात विचारलं की घरी कोण कोण आहे. आई, बायको, दहा वर्षांची मुलगी, असं भूपेशने सांगितलं. हासानंदने रायफल उचलून परत कपाटात ठेवली. तरीही भूपेशने तीच रायफल ठरवली. इथवर येऊन रिकाम्या हाताने परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

कागदपत्रांना चार-पाच दिवस लागणार होते. तेवढ्यात भूपेश रायफल घेतोय हे धर्मेशने गावभर सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी चार वाजता संदीप आला, एकटा. फाटकाला टेकून म्हणाला,

"रायफल घेतोयस म्हणे. घे. आता आम्हालाही मोकळ्या हातांनी यायला नको."

आणि गेला. भूपेश अंगणातच उभा होता. ओट्यावर त्याची आई, सखू, वाल सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. सूप खाली ठेवून ती म्हणाली,

"बंदूक घरान आणू नको रं. मना त्यांचा भ्या नाय वाटत तेवरा तुजा वाटतंय."

भूपेश ओट्याच्या पायरीवर बसला आणि दुकानात काय झालं ते त्याने आईला आणि उन्नतीला सांगून टाकलं. धर्मेशनेही ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. बंदूक भरलेली असती तर तो पांढऱ्या शर्टातला माणूस मेला असता, हेही तो बोलला.

उन्नती उठली आणि आपला मोबाईल घेऊन आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पहिल्या महिन्यापासून त्या पोरांचं शूटिंग करत होती. एक्केचाळीस क्लिपा, तारखेसकट. गाड्यांचे नंबर, टरफलं फेकणं, आणि शाळेबद्दलचा तो प्रश्नही, आवाजासकट. भूपेशला तिने दाखवलं नव्हतं, कारण तो पाना घेऊन बाहेर धावला असता.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली नाही. गल्लीतल्या काशीताई आणि स्वप्नाली, ज्यांच्या दारातही याच गाड्या उभ्या राहत होत्या, त्यांना बरोबर घेऊन चौकीवर गेली. तीन बायांच्या तीन तक्रारी आणि समोर चालू असलेला व्हिडिओ. दलालाला आणि संदीपला बोलावलं गेलं, जबाब झाले, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला गेला. त्यानंतर मोटरसायकली आल्या नाहीत.

रायफल भूपेशने घेतली, पण घरी आणली नाही. ती हासानंदच्याच दुकानात रीतसर ठेवलेली आहे, पावती उन्नतीच्या कपाटात. वर्षातून दोनदा तो जातो, म्हाताऱ्यासमोर बसून ती पुसतो, तेल देतो आणि परत करतो. परवाना ठेवायचा की सोडायचा हे त्याचं अजून ठरत नाही.

भीती गेली का, तर नाही. परवा भाजीबाजारात मेथीच्या गाड्यापाशी मागून कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संदीप होता. कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी, तिने बापाचा कान धरलेला.

"काय रे, बरा आहेस ना?"

"बरा आहे," भूपेश म्हणाला. मुलीकडे बघून तो थोडा हसलासुद्धा. मग मेथी पिशवीत टाकून निघाला, आणि राजसीच्या शाळेवरून वळसा घालून, दर थोड्या अंतरावर मागे बघत, घरी गेला.